फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशात काय पाहावे?

शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यासदौरे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. युरोपकडे जाणाऱ्याच्या वाटेवर फ्रान्सचा द्राक्षप्रदेशही सहज येतो. दौऱ्यावरून परतलेल्या माणसाजवळ बहुधा दोनच प्रकारची छायाचित्रे असतात. एकात तळघरात ओळीने मांडलेली ओकची पिंपे, दुसऱ्यात उंच काचपात्र हाती घेतलेली मंडळी. गावी परतल्यावर चावडीवर त्यांचे कौतुकही होते. परंतु ज्या गोष्टींमुळे फ्रान्समधील दोन-चार एकरांचा धनी शंभर वर्षे बाजारात टिकून राहिला, त्या तळघरात नाहीत. त्या बांधावर आहेत, गावच्या कचेरीतील नियमपत्रात आहेत आणि काही अंशी तेथील शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन केलेल्या भांडणांत आहेत.

येथे मद्यपानाचा पुरस्कार अभिप्रेत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. खुद्द फ्रान्सने १९९१ साली कायदा करून मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली आहेत. ज्याने वाइन म्हणजे द्राक्षमद्य आयुष्यात चाखले नाही व पुढेही चाखावयाचे नाही, अशा शेतकऱ्याचेही या प्रवासात काडीइतके नुकसान होणार नाही. उलट, पाहण्यास त्याला अधिक वेळ मिळेल.

प्रवासाला प्रारंभ बोर्डो येथून करावा. हे नाव आपल्या द्राक्षबागायतदारास नवे नाही. मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण तो केवड्यावर फवारतो, त्याच्या नावातले बोर्डो ते हेच. गॅरोन नदीच्या काठी हे शहर आहे. तेथून रुंद नदीमुख उजव्या हातास ठेवून उत्तरेकडे निघालेला रस्ता मेडोक या भागातून जातो. जमीन पाहिली तर आपल्याकडचा शेतकरी नाक मुरडील, कारण ती बहुतांशी गोटे आणि भरड वाळू अशी आहे. सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांनी चर खणून येथील दलदलीचा निचरा केला. मग या गोटाळ उंचवट्यांवर वेली फोफावल्या. वेल कमरेइतकीच ठेवतात आणि अनेक बागांत हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चार हजारांच्या आसपास वेली असतात. आपल्या मांडवावरील बागेत एकरी हजाराच्या आसपास वेली बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे दाटीची कल्पना येईल. प्रत्येक वेलीवर मात्र थोडे घड राखावयाचे, असा तेथील हिशेब आहे.

याच रस्त्यावर, सँ-ज्युलियाँ गावाजवळ, १८८२ च्या शरद ऋतूत बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मियार्दे पायी चालले होते. अमेरिकेतून आलेला केवडा रोग फ्रान्समध्ये १८७८ साली प्रथम आढळला होता आणि त्या वर्षी त्याने बागांची पाने झाडून टाकली होती. मियार्दे यांना असे दिसले की, आतील वेली उघड्या पडल्या असताना रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत आणि त्यांच्या पानांवर निळसर डाग आहेत. चौकशी करता बागेच्या व्यवस्थापकाकडून उलगडा झाला. येणारे-जाणारे लोक घड तोडून नेत, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याचा त्या भागात रिवाज होता. फळ विषारी आहे असे वाटून वाटसरूंनी हात लावू नये, एवढाच हेतू. रखवालीचा तो उपाय रोगावर लागू पडला होता. पुढे मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून प्रमाण बसविले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले.

ही हकीकत शाळेच्या पुस्तकांत बहुधा दैवयोग म्हणून सांगतात. ते योग्य नव्हे. त्या हिरव्या ओळी इतर अनेकांनीही पाहिल्या असतील; थांबून विचारणारा एक निघाला आणि विचारल्यावर खरे सांगणारा दुसरा निघाला. विस्तार कार्यकर्त्याच्या कामाचे याहून नेमके वर्णन कोणत्याही नियमपुस्तिकेत मिळणार नाही. मोरचुदाचा अतिरेकही आता तेथे चालत नाही. तांबे जमिनीत साठते, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोग्रॅम तांब्याची मर्यादा घातली आहे. हा आकडा टिपून आणण्यासारखा आहे.

मेडोकमध्ये मार्गदर्शक १८५५ च्या प्रतवारीची कथा मोठ्या रंगाने सांगतात. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी त्या वेळच्या भावांवरून वाड्यांचे पाच वर्ग ठरविले आणि १९७३ मधील एका महत्त्वाच्या बढतीखेरीज ते जवळजवळ तसेच चालू आहेत. ती श्रीमंतांची आणि दलालांची गोष्ट आहे. शेतकऱ्याने ती ऐकून घ्यावी आणि पुढच्या गाडीने माँपेलिए गाठावे.

माँपेलिएच्या रेल्वे स्थानकासमोर एक छोटी बाग आहे. तीत झ्यूल-एमिल प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्मारक आहे आणि त्याच्या पायथ्याशी एका द्राक्ष-शेतकऱ्याची मूर्ती आहे. सेनापतींचे पुतळे सर्वत्र असतात. पिकावरील कीड ओळखली म्हणून उभारलेले स्मारक क्वचितच दिसते. १८६० नंतर दक्षिण फ्रान्समध्ये वेली अकारण वाळू लागल्या. मेलेली वेल उपटून पाहिली तर मुळे कुजलेली, पण कीड म्हणून काही सापडेना. १८६८ च्या जुलैत प्लाँशाँ व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलीशेजारची, वरवर निरोगी दिसणारी वेल उपटली. तिच्या मुळांवर पिवळसर, माव्यासारखे असंख्य बारीक किडे होते. मेलेले मूळ सोडून ते पुढच्या जिवंत मुळावर गेलेले असत, म्हणून इतके दिवस कोणाला दिसले नव्हते. हाच फायलोक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर तो आला होता.

पुढील तीस वर्षांत फ्रान्समधील लाखो हेक्टरांवरील बागा गेल्या. शासनाने उपाय शोधणाऱ्यास तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. ते कोणासही मिळाले नाही. कोणी हिवाळ्यात बागा पाण्याखाली बुडविल्या, कोणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचले. शेवटी मार्ग निघाला तो असा की, ज्या अमेरिकी रानवेली या किडीला दाद देत नाहीत त्यांचा खुंट घ्यावा आणि त्यावर आपल्या जातीचे कलम बांधावे. ज्या देशातून रोग आला त्याच देशाची मुळे आपल्या जमिनीत लावावयाची, हे अनेकांना अपमानास्पद वाटले. शिवाय चुनखडीच्या जमिनीत पहिले खुंट पिवळे पडू लागले. तेव्हा १८८७ साली माँपेलिएच्या कृषिविद्यालयातील पिएर व्हियाला यांना अमेरिकेस पाठविण्यात आले. टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन या रोपवाटिका चालविणाऱ्या अभ्यासकाच्या मदतीने त्यांनी चुनखडीत तग धरणाऱ्या रानवेली शोधून काढल्या. मन्सन यांना फ्रान्सने १८८८ साली कृषिविषयक सन्मान दिला. आज नाशिक-सांगलीकडील बागायतदार क्षार आणि पाण्याची टंचाई यांवर तोड म्हणून डॉगरिज खुंट लावतो, तोही टेक्सासच्याच रानवेलींतून आलेला आहे. म्हणजे माँपेलिएच्या त्या बागेत उभा राहिलेला आपला शेतकरी एका अर्थी आपल्याच बागेच्या मुळाशी उभा असतो.

फायलोक्सेरा गेला, बागा पुन्हा उभ्या राहिल्या आणि मग दुसरेच संकट आले. टंचाईच्या काळात साखरपाणी घालून, बेदाणा भिजवून बनावट वाइन करण्याची सवय व्यापाऱ्यांना लागली होती. अल्जीरियाचा मालही येत होता. खरे पीक बाजारात आले तेव्हा भाव इतके कोसळले की, तोडणीची मजुरीही निघेना. ११ मार्च १९०७ रोजी आर्जलिए या खेड्यातून ८७ माणसे ढोल-ताशासह नारबोनकडे निघाली. पुढारी मार्सेलँ आल्बेर हा स्वतः बाग करणारा आणि गावात कॉफीचे दुकान चालविणारा गृहस्थ होता. दर रविवारी नव्या शहरात सभा भरे. ९ जून रोजी माँपेलिएमध्ये निदान पाच लाखांचा समुदाय जमला. नारबोन येथे सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. स्थानिक मुलांची भरती असलेल्या एका पलटणीने हुकूम मानण्याचे नाकारले. आल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. परतीच्या गाडीभाड्यासाठी क्लेमांसोंनी शंभर फ्रँकांची नोट त्याच्या हातावर ठेवली आणि त्या भोळ्या माणसाने ती घेतली. ही बातमी वृत्तपत्रांत पसरताच गावकऱ्यांनी त्याला विकला गेलेला ठरविले. त्याचे पुढारीपण त्या एका नोटेने संपले.

तरीही २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. प्रत्येक बागायतदाराने आपल्या पिकाची नोंद जाहीर केली पाहिजे, असा त्याचा गाभा होता. नोंदीपेक्षा अधिक माल बाजारात दिसला, तर लबाडी तेथेच पकडता यावी. शेतकऱ्यांनी आपल्याच उत्पन्नाची मोजदाद आपणहून मागून घेतली, ही गोष्ट आपल्याकडे चटकन पटणार नाही. मोजदाद म्हटली की, आपल्याला सारा आठवतो. तेथील शेतकऱ्याला ती ढाल वाटली, कारण बनावट मालाला नोंद नसते.

बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे गाव आहे. तेथे १९०१ साली लहान बागायतदारांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली, स्वतःचे सामाईक तळघर बांधले आणि पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक-संस्थांना थेट माल विकू लागले. सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्या आपल्या वाचकास याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. इमारत साधी आहे आणि पर्यटकांच्या यादीत ती वर नसते. वाट वाकडी करून पाहावी.

येथून रोन नदीच्या कडेने वर गेले म्हणजे आविन्यों आणि त्यापुढे शातोनफ-द्यू-पाप हे गाव लागते. सबंध प्रवासातले एकच ठिकाण पाहावयाचे झाले तर ते हेच. चौदाव्या शतकातील पोपांच्या वाड्याची एक भिंत टेकडीवर उभी आहे. खाली बागा आहेत आणि बागांत माती दिसतच नाही, नारळाएवढे गुळगुळीत तांबूस गोटे पसरलेले. ते दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात.

पहिल्या महायुद्धानंतर या गावच्या नावाने कोणीही कोठलीही वाइन विकत असे. गावकरी बारों ल र्वा या कायदा शिकलेल्या बागायतदाराकडे गेले. त्याने पुढाकार घेतला. मात्र गावाने आधी स्वतःवर शिस्त लादून घ्यावी, ही त्यामागची अट होती. १९२३ साली नियम ठरले. ज्या कोरड्या जमिनीत लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे उगवतात, तीच जमीन या नावास पात्र. ठराविक जातींच्याच वेली. छाटणीची पद्धत ठरलेली. मद्यार्काचे किमान प्रमाण ठरलेले. आणि तोडणीच्या वेळी निदान पाच टक्के द्राक्षे निवडून बाजूस काढलीच पाहिजेत, मग पीक कितीही चांगले असो. हा शेवटचा नियम पुन्हा एकदा वाचावा. शंभर पाट्यांतील पाच पाट्या या नावाबाहेर टाकावयाच्या, असे शेतकऱ्यांनीच ठरविले.

या गावाच्या धर्तीवर १९३५ साली सबंध देशासाठी कायदा झाला. त्यात सिनेटर झोझेफ कापु यांचा मोठा वाटा होता. १९३६ साली पहिल्या गावांना नावे मिळाली, त्यांत शातोनफ होते. आज येथे हेक्टरी ३५ हेक्टोलीटर, म्हणजे एकरी सुमारे चौदाशे लीटर एवढीच मर्यादा आहे. त्यासाठी दोन टनांच्या आसपास द्राक्षे पुरतात. आपली खाण्याच्या द्राक्षांची बाग दहा टनांच्या भाषेत बोलते. दोहोंचा हेतू निराळा असल्यामुळे टनांची तुलना व्यर्थ आहे. तुलना करावयाची ती एवढ्याच गोष्टीची की, मर्यादा कोणी घातली. (याच गावाने १९५४ साली, उडत्या तबकड्यांची आवई उठली असता, त्यांनी गावच्या हद्दीत उतरू नये असा हुकूम काढला होता. हुकूम अद्याप रद्द झालेला नाही आणि एकही तबकडी उतरलेली नाही. गावास स्वतःच्या सीमांचा केवढा अभिमान असावा!)

पुढे लिओंवरून उत्तरेस बर्गंडी लागते. बोन ते दिजों या टापूत, पन्नासेक किलोमीटरच्या चिंचोळ्या उतारावर, बाराशेहून अधिक वाफ्यांना स्वतंत्र नावे व सीमा आहेत. युनेस्कोने २०१५ साली त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. एका पायवाटेच्या अलीकडच्या द्राक्षांस एक प्रत आणि पलीकडच्यांस दुसरी. माती, उतार व निचरा यांतील फरक शतकानुशतके पारखून ही विभागणी झाली आहे. सितो येथील मठवासी संन्याशांनी बाराव्या शतकात आरंभ केलेली व्हुजोची कुंपणबंद बाग सुमारे पन्नास हेक्टर आहे आणि आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. वारसांत जमिनीचे तुकडे पडणे हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे समजणाऱ्याने ही भिंत पाहावी. तुकडा चार ओळींचा असला तरी नाव सगळ्या बागेचे मिळते, म्हणून तो विकत नाहीत. मात्र अलीकडे भाव इतके चढले आहेत की, वारसा-कर भरतानाच शेतकरी कुटुंबाची दमछाक होते आणि बाहेरचा पैसेवाला दारात उभा असतो. नावाचे मोल वाढले की, शेतकऱ्याच्याच हातून जमीन निसटू लागते. हा दोष तेथील लोकही आता कबूल करतात.

बर्गंडीतील एक गोष्ट मात्र आपल्या इर्जिकीची आठवण करून देते. गावोगावी संत व्हँसाँच्या नावाची मंडळे असतात. सभासद आजारी पडला तर इतरांनी त्याच्या वेली छाटावयाच्या, हा त्यांचा जुना धर्म आहे. १९३८ पासून ही मंडळे दर जानेवारीच्या अखेरीस निरनिराळ्या गावी जमतात आणि कडाक्याच्या थंडीत मिरवणूक निघते. बोनच्या नोंदवह्याही प्रसिद्ध आहेत. १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा जुळवून अभ्यासकांनी २०१९ साली दाखविले की, १९८८ नंतर तोडणी पूर्वीपेक्षा सरासरी तेरा दिवस लवकर होऊ लागली आहे. आपल्या गावात साडेसहाशे वर्षांच्या नव्हे, साठ वर्षांच्या छाटणीच्या तारखा तरी कोणाच्या वहीत आहेत काय?

शँपेनमध्ये, रँस आणि एपेर्ने या शहरांभोवती, खडूसारख्या पांढऱ्या जमिनीत द्राक्ष होते. येथे बडी घराणी सुमारे एक दशांश जमिनीची मालक आहेत. बाकीची हजारो लहान शेतकऱ्यांची आहे. १९११ साली बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून गावच्या नावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी आय गावात जाळपोळ केली, सैन्य बोलवावे लागले. आज त्याच व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी दर वर्षी एका टेबलाशी बसून हेक्टरी किती द्राक्षे तोडावयाची ते ठरवितात. महामारीच्या वर्षी, २०२० साली, मागणी घटणार हे दिसताच त्यांनी हेक्टरी ८,००० किलोग्रॅम ही मर्यादा घातली. आदल्या वर्षी ती १०,२०० होती. भांडणे झाली, पण आकडा एकच निघाला. ४,००० किलोग्रॅम द्राक्षांतून २,५५० लीटरपेक्षा अधिक रस नावाखाली घ्यावयाचा नाही, हाही नियम आहे. तोडणी हातानेच करावी लागते.

आणि याच हाताने तोडण्यामागे एक काळी बाजूही आहे. २०२३ च्या तोडणीत परदेशी मजुरांना घाणेरड्या कोंडवाड्यात ठेवल्याचे उघडकीस आले आणि २०२५ साली न्यायालयाने मजूर पुरविणाऱ्यांना मानवी तस्करीबद्दल दोषी ठरविले. द्राक्षाची जात, छाटणी, रसाचे माप या सर्वांस नियम. तोडणाऱ्याच्या बिछान्याची दखल मात्र न्यायालयास घ्यावी लागली. आपल्या बागांत परजिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्या पाहता हे वाचून कोणी हसण्याचे कारण नाही.

या सर्व वर्णनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नियम आणि नावे यांनीच भले होत असते, तर बोर्डोत आज वेली का उपटीत आहेत? कारण खरे आहे. १९६० च्या सुमारास फ्रान्समधील माणूस वर्षाकाठी सरासरी शंभर लीटरहून अधिक वाइन पीत असे. आता तो त्याच्या निम्म्याहूनही कमी पितो. परदेशी गिऱ्हाईकही आटले. २०२३ साली शिल्लक माल आटवून औद्योगिक मद्यार्क करण्यासाठी वीस कोटी युरो खर्ची पडले. त्याच वर्षी बोर्डोसाठी हेक्टरी ६,००० युरो देऊन बागा उपटण्याची योजना निघाली आणि २०२४ साली सबंध देशासाठी हेक्टरी ४,००० युरोंची दुसरी. प्रवाशाने मेडोकचे वाडे पाहून झाल्यावर नदीच्या दोन फाट्यांमधल्या मुलखात जावे. तेथे उपटलेल्या वेलींचे ढीग आणि ओसाड पडलेले तुकडे दिसतात. त्या ढिगांवरही बोर्डो हेच नाव होते. परंतु ते नाव लाखाहून अधिक हेक्टरांवर पसरलेले होते आणि इतक्या मोठ्या नावाखाली कोणी कोणाला ओळखत नव्हते. शातोनफ हे एक गाव आहे. तेथे कोणी पाच टक्के निवडले नाहीत तर शेजाऱ्यास संध्याकाळपर्यंत कळते. नाव किती मोठे असावे याचे हे माप सर्वांत महत्त्वाचे असूनही तेच सर्वांत कमी चर्चिले जाते.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन, सांगलीचा बेदाणा यांची नोंदणी झालेली आहे. नोंदणी झाली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगले की काम संपले, असे मानण्याकडे कल दिसतो. शातोनफमध्ये शिस्त आधी आणि कागद तेरा वर्षांनी आला. आपल्याकडे कागद आधी आला आहे. त्याने बिघडत नाही, शिस्त नंतरही येऊ शकते. ती मात्र मुंबईच्या अगर दिल्लीच्या कचेरीतून यावयाची नाही. एखाद्या तालुक्यातील पन्नास बागायतदारांनी बसून, कोणत्या जमिनीतला, कोणत्या गोडीचा, किती टनांपर्यंतचा माल आपल्या नावाने जाईल आणि कोणता जाणार नाही, एवढे लिहून काढावे. ‘जाणार नाही’ हा रकाना भरताना जी भांडणे होतील, ती झाली पाहिजेत. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने त्या बैठकीत सतरंजी घालावी, लिहून घ्यावे आणि कौल स्वतः देऊ नये.

दौऱ्याची तारीख ठरविणे हाती असेल तर तोडणीचा सप्टेंबर टाळावा. तेव्हा शेतकऱ्याला मान वर करण्यासही सवड नसते आणि पाहुण्यास तळघरातच बसवून ठेवतात. फेब्रुवारीत जावे. आपल्याप्रमाणे तेथे खरड छाटणी आणि फळछाटणी अशा दोन छाटण्या नसतात. वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. बर्गंडीच्या उतारावर छाटणारा माणूस लोखंडी पिंपाची हातगाडी पुढे ढकलीत असतो आणि छाटलेल्या काड्या तीतच जाळीत जातो. धुराची ती रेघ दुरूनच दिसते. दुभाषा बरोबर घेऊन त्याच्याजवळ जावे, हात शेकावेत आणि एका वेलीवर तो किती डोळे ठेवतो आणि त्याहून अधिक का ठेवीत नाही, ते विचारावे.